डावा बर्नर

पातेल्यांची बुडं काळी पडायला लागली
तेव्हा पास्कल तुस्कानोला फोन केला.
विक्रोळी, कन्नमवार नगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
आला, आणि आधी पाणी मागितलं.

ज्योत पाहिली. पिवळी, आळसट,
टोकाला काजळी धरलेली.
"हवा मिळत नाही हिला," म्हणाला,
आणि बर्नर उलटा करून
कालच्या पेपरवर ठोकला.

पडलं ते सगळं आमचंच :
मोहरीचे दोन दाणे, कोळसा झालेला साबुदाणा,
दुधाचे जळके पापुद्रे,
आणि चहा. करपून दगड झालेला चहा.
"उजवा बरा आहे. डाव्यावरच उतू जातं.
रात्रीचा करता?"

मी नुसतं हं म्हटलं.
आतल्या खोलीत हे खोकले.
अडीच वाजता पाठ चोळायला जाते,
मागे चहा आपल्या मनाने चढतो.

पिनेने त्याने एकेक भोक मोकळं केलं,
बारीक तारेने जेट.
मग नळीला साबणाचा फेस लावला.
काडी ओढून बघायचं नाही ताई, कधीच.
रेग्युलेटरपाशी एक बुडबुडा
फुगला, फुटला, परत आला.
"वास येत नव्हता?"
येत होता.
मला वाटलं, औषधांचा.

नळी, क्लिप धरून चारशे ऐंशी.
नॉब मात्र घट्टच. ग्रीस संपलंय, सोमवारी येतो म्हणाला.

रात्री डावा पेटवला. निळा.
पाण्याला आधण येतंय तोच आतून हाक.
दोन्ही हातांनी नॉब फिरवून
आधी गॅस बंद केला.

ह्यांना थोडं थांबावं लागलं.