पिंदाव मोश

डबा उघडला तेव्हा आत रेडिओ होता,
चार्जर, कमरेची क्लिप, रबरी शेपटी
आणि एक बाई.

बटण दाबलं की ती बोलायची: पिंदाव मोश.
पुन्हा दाबलं की दुसरं काहीतरी, त्याच सुरात.
रागावलीय की जेवायला बोलावतेय, कळायचं नाही.
सोळाशे रुपयांत इम्तियाज बागवाननं मागवून दिलेला.
म्हणाला, मेनूत जावा, इंग्रजी होतंय.
गेलो नाही.
परवान्याच्या परीक्षेपायी महिनाभर
इंग्रजीच बोकांडी बसलेलं.

धाकटी म्हणते, पप्पांची चिनी मावशी.
उज्ज्वला म्हणते, मावशी म्हणजे माझी बहीण की गं,
मला विचारलंस का?

मी उद्यमनगरात लेथवर, एकोणीस वर्षं.
आमच्याकडनं पंपाची अंगं जातात, व्हॉल्व्हची तोंडं जातात,
खोक्यावरचा पत्ता मगदूमशेठनाच ठाऊक.
मी कातलेला घेर
कुणाच्या तळघरात आत्ता फिरत असेल,
आणि तिथं कुणी हात लावून म्हणत नसेल
की हे कोल्हापूरच्या एका माणसानं
दाढ दुखत असताना केलंय.

एकदा रेडिओ खोलला.
स्वस्त आहे, ते दिसतंच. बॅटरीचं दार ढिलं,
लहरी गाळायचं काम अर्ध्यावर सोडलेलं,
बोलावं एका जागी तर चार जागी सांडतं.
पण एक डाख होता, कोपऱ्यातला,
गोल, चकचकीत,
कुठं थांबायचं ते कळलेल्या हाताचा.
मी झाकण लावून टाकलं.
परक्याच्या स्वयंपाकघरात फार वेळ उभं राहू नये.

अँटेनासाठी स्टीलचा मेजर टेप कापला.
नंदू तेरदाळेनं डोळे मिटून घेतले,
टर्नर होऊन टेप कापतोस, म्हणाला, फेडशील कुठं?
प्लॅस्टिकचा पाइप, होजच्या क्लिपा, पिवळ्या पट्ट्या.
मधल्या पट्टीवर अजून आकडे दिसतात,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.

बुधवारी सात बेचाळीसला अवकाशस्थानक येणार होतं,
गगनबावड्याकडनं वर, वडगावकडं खाली,
मध्ये आठ-नऊ मिनिटं.
गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकलो.
एका हातात टेप, दुसऱ्या हातात ती.

खरखर. खरखर.
मग कोण हैदराबादचा, कोण कोलंबोचा,
सगळे एकाच दारातनं एकदम घुसणारे.
मी तीनदा माझं नाव टाकलं, तीनदा चेंगरलं.
मनगट भरून आलं तेव्हा
वडगावच्या अंगाला एक बारीक आवाज,
बापय माणूस, बी जी नं सुरू होणारं नाव.
चीन.
गाव दोनदा सांगितलं त्यानं, दोन्हीदा निसटलं.
माझी अक्षरं मात्र त्यानं एकेक करून
न सांडता परत आणून दिली.
फाइव्ह नाइन, म्हणालो.
फाइव्ह नाइन, तोही म्हणाला.
दोघंही खोटं बोलत होतो, तशी रीत असते.

विचारायचं किती होतं.
ती कोण, अजून बोलते का कुठं,
शब्दाला पैसे मिळाले की दिवसाला,
तो डाख कुणाचा.
पण इंग्रजी परीक्षेपुरतं,
आकाश उरलेलं वीतभर,
आणि मागं चौघे खोळंबलेले.
बटण दाबलं आणि तोंडातनं आलं ते
पिंदाव मोश.

खरखर.
मला वाटलं, गेला.
मग हसू.
चारशे किलोमीटर चढून, उतरून,
माझ्यापर्यंत येता येता खोकल्यात संपलेलं.
आणि मग तो बोलायलाच लागला,
भरभर, त्याच्याच भाषेत,
मला सगळं कळतंय असं धरून.
मी हूं म्हटलं. बटण न दाबता.

वहीत वेळ लिहिली, लहर लिहिली, त्याची अक्षरं लिहिली.
गावाच्या जागी रेघ.
शेऱ्याच्या रकान्यात एरवी काही नसतं माझ्या,
तिथं लिहिलं, हसला.