बर्फाच्या गोदामातला लिलाव

सोसायटीनं बर्फाचं गोदाम दिलं, फुकट,
"पण झाडून तुम्ही घ्यायचं."
म्हणून दुपारपासून मी आणि सलमा खलपे
ओल्या भुशावर झाडू मारतोय.
वास जात नाही. जाणारही नाही.

कुडाळहून खुर्च्या आल्या ऐंशी, मोजल्या तर चौऱ्याहत्तर.
पावत्यांवर 'निधी'चा छापून आलाय 'विधी'.
रुझार म्हणतो, असूंदे,
कुणाचा ना कुणाचा तरी व्हायचाच आहे.

सर्व्हरचं वर्षाचं भाडं अठ्ठेचाळीस हजार.
कुठल्याशा थंड देशात आहे म्हणे ते यंत्र,
ज्यात वेंगुर्ल्याच्या बंदराचे अकरा हजार चारशे सहा कागद
आम्ही ठेवलेत:
पडावांच्या नोंदवह्या, वाळवीनं अर्धे वाचलेले करार,
पाण्याखालच्या खडकांची नावं,
जी दृष्टी गेलेले जब्बारचाचा सांगत होते
आणि सलमा खाटेशी बसून उतरवून घेत होती.
आणि ती पाच पानं:
खाजणातली जमीन कुणी कुणाला विकली,
आणि विकणारा त्या दिवशी जिवंत होता का.

त्या पाच पानांसाठी परवा एक गाडी आली.
गोड बोलणारा माणूस. चहात बिस्किट बुडवत म्हणाला,
"दहा वर्षांचं भाडं एकदम देतो.
स्टेजमागे आमचा एक फलक.
आणि ती पानं... जुनीच ना, अक्षरही लागत नाही."
सलमानं बिस्किटांचा पुडा उचलला, आत नेऊन ठेवला.
एवढंच तिचं उत्तर.

गाणारा येणार होता, त्याचा घसा बसला.
सात वाजता माणसं आली. पंखा नाही, कार्यक्रम नाही,
माईक शिटी मारतोय.
पहिल्या रांगेत शेवंता गिरपकाकी,
चाळीस वर्षं बंदरावर सुरमई पुकारलेली बाई.
तिनं पदर खोचला, माईक बाजूला सारला.
"गे चेडवा, आण तुजे ते कागद.
एकेक पान पुकारतंय. वर्सभर सांभाळूचा मोल. बोला!"

पडद्यावर पान. मागची भिंत ओली, म्हणून पानही ओलं.
"एकावन साल, ऑक्टोबर, पाच होडये, बांगडो शून्य!
शून्याचे किती?"
"पन्नास!"
"माज्या आज्याचा शून्य आसा ता. शंभर!"
शून्य साडेतीनशेला गेलं.

खडक गेले दोन-दोनशेला.
'उलटो तवो' ज्या पोरानं घेतला
त्याची होडी गेल्या शिमग्यात त्याच्यावरच फुटली होती.

मग ती पाच पानं.
गोड माणूस दारातच होता,
चांगले बूट ओल्यात न्यावेत की नाही या विचारात.
"वीस हजार. पाचही."
काकीनं चष्मा वर ढकलला.
"वीस हजार. पण घेतलस तर वर्सभर राखूची तुज्यावर.
कोण इलो वाचूक, तर दाखवची. खाली तुजा नाव.
बोल, हां म्हणतंस?"
त्यानं फोन कानाला लावला आणि बाहेर गेला.
फोन वाजला नव्हता.

पानं गेली अकराशेला, कोळंबी सोलणाऱ्या पाच जणींना मिळून.
त्यातली एक म्हणाली,
"माका वाचूक येणा नाय.
पण ता आसा, ह्या म्हायत आसलेला बरा."

साडेअकरा. हिशोब माझ्याकडे.
नोटा ओलसर, काहींना खवले.
तिकिटं धरून एकेचाळीस हजार सहाशे वीस.
खुर्च्या नि माईकचे अठराशे पन्नास वजा.
तूट सात हजार लिहिली, खोडली,
आठ हजार दोनशे तीस.
सोमवारी कंपनीकडे मुदत मागू, सलमा म्हणाली.
कुठल्या भाषेत, ते बोलली नाही.

रुझारनं वही ओढली, मोबाइलवर फोटो काढला.
"थांब, स्वच्छ लिहून देते."
"नको. असाच चढयतंय.
अकरा हजार चारशे सात."

कोपऱ्यात माझा अंगठा आलाय,
नखाशी एक खवला.