घराण्यात कुणाला

मी अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिते.
रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.
तरी बांबोळीला, ओपीडीत, सत्तावीस नंबरचं टोकन मुठीत धरून
त्या फॉर्मपुढे माझं पेन अडलं.

आधी डोळे. गेल्या चवथीच्या सुमारास.
चष्मेवाल्याने थेंब दिले.
मग नाक. मग घशातला तो बारीक आवाज,
गंजक्या बिजागरीचं दार लोटल्यासारखा.
कफाच्या दोन बाटल्या संपल्या.
मग मान. उजवीकडे, झटकन,
जणू मागून कुणी हाक मारली.
शाळेतून चिठ्ठी आली: मुद्दाम करतो.
देवळात कौल लावला, पाकळी उजवी पडली,
मान तशीच.

डॉक्टर फुर्तादो घाई करत नव्हत्या.
कधीपासून? मध्ये थांबतं का? किती दिवस?
झोपेत? सुट्टीत? परीक्षेच्या आठवड्यात?
त्याला त्रास होतो, की बघणाऱ्यांना?
या शेवटच्यावर मी पाणी मागितलं.

आणि तनय बसला होता
फोटोसाठी बसवल्यासारखा.
पापणी नाही, मान नाही, घसा नाही.
वीस मिनिटं.
वाटलं, आता ही बाई म्हणणार, आईच्याच डोक्यात काहीतरी आहे.
त्या उठल्या, बेसिनवर हात धुवायला गेल्या,
आमच्याकडे पाठ करून,
हात धुवायला लागतो त्याहून जास्त वेळ.
नळाच्या आवाजाखाली दार लोटलं गेलं. तीनदा.
हात पुसून त्यांनी कागदावर तीन लिहिले.
बेसिनवर आरसा होता, हे मला नंतर दिसलं.

येण्याआधी काही वाटतं तुला?
हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.
तो म्हणाला,
फेरीबोट धक्क्याला लागते तेव्हा दोर ताणतो ना, करकरतो,
तसं मानेत.
सोडला की बरं वाटतं.
पण लगेच परत बांधतात.

घराण्यात कुणाला असं काही?
नाही, मी म्हटलं.
प्रश्न संपायच्या आधीच म्हटलं.
त्यांनी माझं नाही पेन्सिलीने लिहिलं.

संध्याकाळी रायबंदरला फेरी भरत आली होती.
खुब्यांची पिशवी पायाशी ठेवलेला एक म्हातारा
तनयकडे बघत होता. मी पदर ओढून त्याला आड केलं,
आता सवयच झाली आहे ती.
"सोयरूचो नातू मरे तूं?"
सोयरू म्हणजे माझे सासरे.
ह्याच फेरीवर सव्वीस वर्षं दोर टाकला.
मी घरात आले तेव्हा ते फोटोत होते,
आणि फोटोत माणूस हलत नाही.
"फेरयेर चडपी दर एकल्याक मान हालोवन दाखयतालो.
आमीय हालयताले."

म्हणजे अख्खं चोडण सव्वीस वर्षं
एका माणसाला मान हलवून उत्तर देत होतं.
नवऱ्याने हे कधी सांगितलं नाही.
कदाचित त्यालाही तो नमस्कारच वाटत आला असेल.

तनयची मान गेली. झटकन.
म्हाताऱ्याने आपली हलवली,
सावकाश, ओळखीची,
आणि परत समोरच्या कांदळवनाकडे बघू लागला.
तनय हसला का, ते मला नीट दिसलं नाही, ऊन तिरपं होतं.

धक्का आला. दोर ताणला, करकरला.
पुढच्या तारखेचा कागद उलटा करून
मी पर्समध्ये पेन शोधत राहिले,
मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न मारेपर्यंत.