नोटेड विथ थँक्स

दिंडोरी रस्त्यावरच्या पॅकहाउसमध्ये
हिलरीबाईंनी मण्याला कॅलिपर लावलं,
सोळा मिलिमीटर,
आणि म्हणाल्या, आय ॲम अफ्रेड...
पुढचं मी मराठीत आणायच्या आत
आबा बोरस्ते खुर्चीतून उठले.
"भ्यायचं काय त्यात? ताई, तिला म्हणावं,
बस निवांत. चहा घे. घरचंच आहे."

मी बाईंना सांगितलं,
मिस्टर बोरस्ते रिक्वेस्ट्स यू टू काइंडली बी सीटेड.
बाई बसल्या. हसल्याही.
मग म्हणाल्या, माल काहीसा निराशाजनक वाटतो.
मी आबांना सांगितलं, कंटेनर गेला.

एकवीस वर्षं हेच करते आहे.
त्यांचा नकार पेटीतल्या सल्फरच्या पॅडसारखा,
पांढऱ्या कागदात, चपटा, नीटस,
झाकण उघडल्यावर डोळ्यांत जातो.
आबांचा होकारसुद्धा शिवी घेऊन येतो.

आबा ड्रायव्हरला तू म्हणतात,
एकदा कलेक्टरला म्हणाले,
वणीच्या देवीला तर रोजच.
तुम्ही फक्त जावयाला,
आणि अबोला धरलेल्या धाकट्या भावाला.
तो बांधावर समोर आला की,
"तुम्ही जरा सरका."

हे बाईंना कुठल्या शब्दात देऊ?
त्यांच्याकडे एकच यू,
राणीला तोच, कुत्र्यालाही तोच.
उघडा पडू नये म्हणून त्याच्या अंगावर
वुड, कुड, परहॅप्स,
इतक्या शाली की आतला माणूस सापडत नाही.
आपलं काम एका कान्यावर भागतं.
बस-ला काना दिला
की सतरंजीवरचा खुर्चीवर येतो.
कृपया आपल्याकडे भिंतीवर राहतो,
सीबीएसच्या जिन्यात, थुंकू नये-च्या शेजारी.
घरात त्याचं काम जरा करतो. जरा पाणी दे.
जरा थांब.

खैरनार डिस्पॅचला होते.
"मॅडम, तुम्ही डबा आणलाय?"
"हो. तुम्ही?"
निमाणीपर्यंत बसमध्ये एका बाकावर असलो
तरी मध्ये तो तुम्ही बसायचा,
पिशवी मांडीवर घेऊन, अंग चोरून.
घरी गेल्यावर माझा एक अहो होता,
त्याला पोळी गरम लागायची.

पण ऑफिसचे मेल इंग्रजीत.
कंटेनर नंबर, तापमान, सील,
आणि खाली एखादी ओळ,
यू लुक्ड टायर्ड ऑन ट्यूज्डे.
मी ती दुपारी तुम्ही अशी वाचायची
आणि सहानंतर, लाइनवरच्या बायका गेल्या की,
तू.
कुणाला कळणार होतं?
त्यांनी त्यातला कुठला लिहिला होता
ते मलाही कळलं नाही.

एकतीस मार्चला ते निवृत्त झाले.
शाल, नारळ, आदरणीय, सन्माननीय,
चिवड्याच्या बशा.
गेटवर म्हणाले, येतो.
जाणाऱ्यानं असंच म्हणायचं असतं.
रात्री मेल आला,
यू हॅव बीन व्हेरी काइंड.
मी त्याचं भाषांतर करत बसले.
दयाळू? छे.
साडेअकराला बोटांनी आपल्या सवयीनं लिहिलं,
नोटेड विथ थँक्स. रिगार्ड्स.
आणि पाठवूनही दिलं.

आज आबा आले, जुनं चलान शोधत.
"खैरनार कुठंय? त्यालाच ठाऊक असणार.
फोन लाव. म्हणावं, ये."

दुभाषानं पदरचं घालू नये
आणि सांगितलेलं गाळू नये.
निरोप आबांचा आहे,
एका अक्षराचा, काना नसलेला.
मी नंबर लावलाय.
पलीकडे रिंग जाते आहे.