बटणांचा डबा

महिन्यातून एकदा आमची होडी
चिलोएच्या त्या धाकट्या बेटाला लागते.
रक्तदाबाचं यंत्र कोटाच्या आत धरून मी उतरते,
कारण तिथला पाऊस आडवा येतो
आणि यंत्र एकच आहे.

डेल्मिरा चिग्वाय, वय एकाहत्तर.
वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर.
"गोळ्या घेता ना?"
"घेते की."
माझ्या कोटाचं बटण तुटलेलं पाहून
तिनं डबा उघडला,
तर शिंपल्याच्या, काळ्या, पितळी बटणांत
माझ्याच गोळ्या, चार महिन्यांच्या,
पांढऱ्या, मधोमध रेघ असलेल्या,
शिवायच्या राहून गेलेल्या.

रागावले नाही. रागवायला होडी थांबत नाही.
विचारलं फक्त, जेवता कोणाबरोबर?
म्हणाली, रेडिओबरोबर.

भाऊ आहे. ओसिएल. कुंपणापलीकडेच.
सात वर्षांचा अबोला, एका मेंढीवरून;
मेंढी केव्हाच खाऊन संपली,
अबोला मात्र दोघांनी पोसून मोठा केला.
खिडकीतून त्याच्या चुलीचा धूर दिसतो.
"आज उशिरा पेटवलीय," ती स्वतःशीच म्हणते,
आणि तिचं मनगट माझ्या हातात असतं,
म्हणून मला कळतं
नाडी कुठल्या शब्दाला अडखळली.

मग समुद्र परसापर्यंत आला.
दरड रोज वीतभर खाली जायची. घर हलवायचं ठरलं.
तिथे घर हलवतात म्हणजे सामान नव्हे, घरच:
लाकडी खवल्यांच्या भिंती, खिडक्या, पडदे,
भिंतीवरचं नवऱ्याचं छायाचित्रसुद्धा;
खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या.
मजुरी नाही. संध्याकाळी सगळ्यांना जेवण,
आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच्या घराला तुझे हात.

सहा जोड्या हव्या होत्या. जमल्या पाच.
सहावी कोणाची, ते सगळ्यांना ठाऊक.
विचारायला कोणी गेलं नाही.

त्या सकाळी मी धक्क्यावरून चढून आले
तेव्हा तो आलेला होता,
बहिणीकडे पाठ करून
बैलांच्या शिंगांना जू आवळत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ.

काळजाला घरं पडतात, हे ऐकून होते.
तेच घर उचलून पुढे नेताना
पहिल्यांदाच बघत होते.

घर चाललं. धुराडं चाललं. धूरही चालला सोबत,
कारण तिनं चूल विझवू दिली नव्हती.
चढावर दोर तुटला. घर थबकलं, कललं,
आणि सात वर्षांतला पहिला शब्द:
"डेल्मिरा, मर बाजूला!"
ती झाली बाजूला. मग तिकडूनच ओरडली,
"डावा बैल दमलाय तुझा, दिसत नाही का आंधळ्या?"

बस्स. क्षमा कोणीच मागितली नाही.
त्यानं डावा बैल बदलला.

संध्याकाळी खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर
शिंपले, बटाटे, डुकराचं मांस; वाफेत सगळं गाव.
मी यंत्र काढलं. एकशे चौसष्ट.
चमत्कार वगैरे नाही,
मांस तिनं दोनदा वाढून घेतलं होतं
आणि मीठ वरून.

कोणी न सांगता ओसिएलनं बाही वर केली.
एकशे नव्वद.

ती इतकी हसली की डोळ्यांना पदर नसल्यानं
स्वयंपाकाचं फडकं लावावं लागलं.
"बघा, यातही हा माझ्यापुढे! लहानपणापासून असंच!"
तो हसला नाही. घाबरला होता.
त्याच्या रुंद तळव्यावर मी गोळी ठेवली,
तो तिच्याकडे बघत बसला,
अंड्यातून काही बाहेर पडेल तसा.

ती उठली. नव्या जागेवरच्या जुन्या फडताळात
हात अंधारातही बरोबर गेला.
डबा आणला, बटणं ढवळली,
एक पांढरी वेचून दिव्यापुढे धरली,
भोकं नाहीत ना, बघितलं,
आणि म्हणाली,
"तू आधी."