कूपनाएवढं भोक

हिवाळ्यात डलूथचं बंदर गोठायचं.
लोखंडाची माती वाहणारी जहाजं धक्क्याला जखडलेली,
बाबा घरी, गप्प,
आणि सगळ्या गल्लीत फिरणारी वस्तू एकच:
लुंडीनबाईंच्या औषधाच्या दुकानातला
कुरकुरणारा तारेचा स्टँड.

बारा सेंट मी हातमोज्यात धरून न्यायचो.
बाई म्हणायच्या, "नाणी ऊन लागतायत रे, उऱ्हो,
आत्ताच भट्टीतून काढलीस की काय?"
खोकल्याच्या औषधाचा वास लागलेली ती पानं
अजून नाकाजवळ नेली
की घसा आपोआप बरा होतो.

त्या महिन्यात तो, निळ्या हातमोज्यांचा,
समुद्राच्या तळाशी पोलादी खोलीत कोंडलेला.
पाणी हनुवटीपर्यंत.
मी पान उलटणार, तोच शेजारी दिसली जाहिरात:
भिंतीपलीकडचं दाखवणारी अंगठी!
एक डॉलर आणि हे कूपन.

वाचायच्या आधी कात्री. आईची, कापडाची,
जिला कागद दाखवणंसुद्धा पाप.
कापलं. मग पान उलटलं,
आणि जिथे त्याची सुटका असायला हवी
तिथे चौकोनी भोक,
भोकातून दिसत होता माझ्या भावाचा, रेइनोचा, कान.
पुढच्या पानावर तो शहरात, कोरड्या कपड्यांत,
बाकावर बसून पेपर वाचत.

कसा सुटला?
रेइनो वरच्या पलंगावरून रोज नवं सांगायचा.
समुद्र पिऊन टाकला त्याने.
दाराला गुदगुल्या केल्या.
एकदा म्हणाला, एका म्हाताऱ्या माशाने बिजागऱ्या खाल्ल्या,
लोखंडाची चटक होती त्याला,
आपल्याच सरोवरातून गेलेला.
अंगठी काही आली नाही.
पोस्टमन मला बघून रस्ता बदलू लागला.

साठ वर्षं होत आली, गोळा करतोय.
कागदाच्या गिरणीत पाळ्या केल्या, ओव्हरटाइम खोक्यांत गेला.
एकशे बारा खोकी,
प्रत्येक अंकाला पारदर्शक पिशवी, पाठीला पुठ्ठा,
आणि तळघरातला ओलावा शोषणारं यंत्र,
जे मी मार्लिसला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दिलं.
"लोकांच्या तळघरात लोणची असतात," ती म्हणते,
आणि पिशव्या संपत आल्या की न सांगता आणून ठेवते.
किती अंक दोन-दोन घेतले,
एक वाचायला, एक न वाचायला.
पिनेच्या गंजावरून मैत्री तोडली एकदा.
पण तो एक अंक धड कधी घेतला नाही.
महाग आहे, म्हणायचो.
महाग नव्हता.

गेल्या ऑक्टोबरात, सेंट पॉलला,
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जत्रा होती आमच्यासारख्यांची.
हिरव्या केसांची पोरगी टेबलामागे सँडविच खात होती.
"वीस डॉलर. पाठीवर किंचित घडी आहे, आजोबा."
घडी कुणाच्या पाठीवर नसते.

गाडीत बसलो, इंजिन चालू, हीटरची ऊब गुडघ्यांवर.
पान उलटलं.
तळहाताएवढ्या चौकटीत तो,
एक निळा हातमोजा कडीवर,
आणि फुग्यात शब्द:
"नशीब! दार उघडंच होतं."

बराच वेळ वायपर बघत बसलो.
पाऊस नव्हता.

रेइनो आता ॲरिझोनात असतो, एकाच कानाने ऐकतो.
त्याला दोनदा सांगावं लागलं,
दुसऱ्यांदा ओरडून: "दार! उघडं! होतं!"
शेजारच्या गाडीतल्या बाईने घाईने स्वतःचं दार लावून घेतलं.

पलीकडे शांतता. मग घसा खाकरून
"छापताना चुकलेत," तो म्हणाला. "मासा होता."
आणि जरा थांबून,
"अंगठी आली का रे?"

"नाही अजून," मी म्हणालो.