रिकामी रिफिल

मिशा आधी काढायच्या. शाई संपलेल्या रिफिलीनं,
कागद नुसता दाबत; काही दिसत नाही.
मग वरून पेन्सिल फिरली की
काळ्यातून पांढऱ्या उगवतात.

वडगावात, मागाच्या खड्ड्याशेजारी
ईरव्वाची मांजर निजायची. नाव साबक्का.
फोटो एकच, तोही हललेला:
अर्धी शेपूट, नाक, आणि ईरव्वाचा अंगठा.

तेरा रात्री. कानाच्या कडेचे केस सर्वांत छळतात.
डावीकडं मिशा किती, म्हणून विचारायला गेलो
आणि साडीचा दर विचारून परत आलो;
तिला कळता कामा नये.
तीनच दाबल्या. अंदाजानं.

रविवारी दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून.
बराच वेळ माग थांबलेला.
"नाकावर कापूस बसलाय की रे हिच्या,"
म्हणत तिनं पदर फिरवला
मी जपून कोऱ्या ठेवलेल्या चमकेवर.

गाल फरफटला. करडी धूळ मानेपर्यंत गेली.
मी खोडरबर काढलं, परत खिशात ठेवलं.
"आता," ती म्हणाली, "आता आली बघ.
बा इल्ली."

तीन मिशा तेवढ्या जागच्या जागी.